डचांच्या किल्ल्यात विभूती

आमच्या सासूबाईंना एखादी गोष्ट नको असली की त्या नाही म्हणत नाहीत. "बघू" म्हणतात. आणि "बघू"च्या पुढची पायरी म्हणजे तारीख देणं. "दिवाळी होऊ दे, मग सांगते." "पाहुणे जाऊ दे, मग सांगते." लग्न होऊन केजला आले तेव्हा मला वाटायचं, म्हातारीला विसरायची सवय आहे. विसरायची कसली! कोर्टानं शिकावं असं तारखा देणं आहे त्यांचं.

तर आमच्या ह्यांनी त्यांना गोदामाचं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रामेश्वरहून आल्यावर सांगते."

गोदामाचं प्रकरण असं. आमची केजला आडत आहे, सोयाबीन, तूर, हरभरा. माल ठेवायला जागा नाही, म्हणून ह्यांच्या डोक्यात नांदूरघाटच्या शेतात गोदाम बांधायचं होतं. शेत अगदी सडकेला लागून, ट्रक सरळ आत यावा असं. सगळं ठीक, पण सडकेच्या बाजूलाच आप्पांची समाधी. आप्पा म्हणजे माझे सासरे. आम्ही लिंगायत वाणी, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरतात तेही बसवून, मांडी घालून, हातात लिंग देऊन. आप्पांना तिथं बसवलं तेव्हाच सासूबाईंनी डाव्या हाताची जागा मोकळी सोडायला लावली होती. सगळ्या गावाला माहीत आहे, ती जागा कोणाची.

ह्यांचं म्हणणं, समाधीचा दगड उचलून मागं चिंचेखाली नेऊ. चांगला चौथरा बांधू, वर फरशी लावू, झाडाची सावली राहील.

मी म्हटलं, "दगड न्याल हो. आप्पांना कसं न्याल? ते तर तिथंच बसलेत."

"तुला काही कळत न्हाई. नकाशात बसत न्हाई ते."

"मग नकाशा हलवा!"

त्यावर दोन दिवस अबोला. बाई गं, मला राग आला की मी भांडी जोरात आदळते, आणि त्या दोन दिवसांत आमच्या घरातली निम्मी ताटं वाकडी झाली असतील. सासूबाई मात्र निवांत. आम्ही भांडतोय, त्या वाती वळतायत. रामेश्वरहून आल्यावर सांगते.

म्हणून आम्ही यात्रेच्या गाडीत बसलो. गाडी केजचीच, माणसंही केज-नांदूरघाटचीच, स्वयंपाकीही बरोबर, कारण आपल्या माणसाला तिसऱ्या दिवशी इडली दिसली की ताप येतो. मी धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. सासूबाईंची एक कापडी पिशवी होती. तिच्यात विभूतीच्या वड्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेल. आपल्या परसातला बेल रामेश्वराला वाहायचा म्हणून रोज त्या फडक्यावर पाणी शिंपडत होत्या. बसमध्ये आम्हाला प्यायला पाणी मागून घ्यावं लागायचं, बेलाला न मागता मिळायचं.

हे खिडकीशी बसून दर थोड्या वेळानं आईकडं बघायचे. कांचीपुरम झालं, मग हे हळूच म्हणाले, "माय, काही विचार केलास का?"

"रामेश्वर झालं का?"

"न्हाई."

"मग?"

संपलं. हे पुन्हा खिडकीबाहेर.

पुढं समुद्राच्या कडेनं जाताना गाडीचा क्लच गेला. एका लहानशा गावात गाडी उभी राहिली ती राहिलीच. ड्रायव्हर खाली पडून वर बघत होता, यात्रेचे मालक वाकून खाली बघत होते, आणि दोघांच्याही तोंडावरून कळत होतं की आजची दुपार गेली. गावाचं नाव मला तेव्हाही म्हणता येत नव्हतं, आताही येत नाही.

सासूबाईंनी समुद्र पहिल्यांदाच बघितला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि आपल्याकडं टँकर."

मालक मोबाइल बघून म्हणाले, "जवळच किल्ला हाय म्हणं. म्युझियम बी हाय. बसून काय करताव, बघून या."

किल्ला म्हटल्यावर आपल्या माणसांचं काय होतं ते सांगायला नको. जे अर्ध्या तासापूर्वी गुडघे धरून बसले होते ते उठून चालायला लागले. आमच्या शेजारणीनं तर ओचा खोचला. लठ्ठ बाई आहे, जिना चढताना तीनदा थांबते, पण किल्ला म्हटलं की चढायचाच. मनानं आम्ही सगळे धारूरच्या किल्ल्यावर पोचलो होतो, ती चढण, ते बुरूज, खाली दरी. पोचलो तर काय? सपाट जमीन. विटांची एक भिंत, तिला दरवाजा, दरवाज्यावर दोन तोफा. मागं समुद्राचा आवाज.

"चढायचं कुठून?" शेजारीण म्हणाली.

"चढायचं न्हाई. आत जायचं," हे म्हणाले.

"मग ह्याला किल्ला कावून म्हणायचं?"

तरी मागून एकानं "हर हर महादेव" अशी आरोळी ठोकलीच. दाराशी स्टुलावर बसलेला राखणदार दचकून उभा राहिला. खाकी शर्ट, खाली लुंगी, गळ्यात शिट्टी. त्याला मोडकं हिंदी येत होतं, आम्हालाही मोडकंच, त्यामुळं बरं जमलं. त्यानं सांगितलं की हा किल्ला डचांचा. डच म्हणजे इंग्रज नव्हे, त्यांच्या आधीचे, दुसऱ्या देशातले, व्यापारी.

व्यापारी म्हटल्यावर आमचे हे एकदम ताठ झाले.

दरवाज्याच्या आत दोन खोल्यांचं म्युझियम होतं. पंखा नव्हता, उकाडा मात्र अस्सल. काचेच्या पेटीत निळ्या नक्षीच्या बश्यांचे तुकडे, मातीच्या चिलमी, गंजलेले तोफगोळे, एक नांगर. शेतातला नव्हे, जहाजाचा. भिंतीवर एका डच साहेबाचं चित्र. काळे कपडे, आणि मानेभोवती ही एवढी पांढरी झालर.

सासूबाई त्याच्यासमोर थांबल्या. "ह्याच्या मानेला काय झालंय?"

"कॉलर हाय ती, आत्याबाई," मी म्हटलं.

"ह्या उन्हात?"

"त्यांच्यात तशी रीत असंल."

"घरच्यांनी सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या, आणि पुढं गेल्या.

हे मात्र वजनांच्या पेटीला नाक लावून उभे. पितळेची वजनं, एकात एक बसणारी. "हे बघ, मापं! आपल्यासारखीच! हे लोक आडतेच होते गं!" माणसाला परमुलखात गाववाला भेटावा तसा आनंद. मग नकाशा बघितला, मग राखणदाराला धरून बाहेर गेले, आणि थोड्या वेळानं त्यांची हाक आली, "इकडं ये! लवकर!"

मला वाटलं साप. पळत गेले. तर हे एका लांबलचक विटांच्या इमारतीच्या पोटात उभे होते, आणि लग्नातसुद्धा मी त्यांचा चेहरा एवढा फुललेला बघितला नव्हता.

"हे गोदाम हाय," म्हणाले. "किल्ला बिल्ला काही न्हाई. अख्खं गोदाम हाय, आणि भोवतीनं भिंत घातलीय! भिंतीची जाडी बघ. वारा यायला वर झरोके बघ. हितं कापड, तिकडं धान्य. आपल्या बांधकामाच्या गुत्तेदाराला ह्यातलं काही कळतं का? पत्रा ठोकतो नुसता!" आणि मोबाइल काढून भिंतीचे, झरोक्यांचे फोटो गुत्तेदाराला पाठवायला लागले. अर्धं छत पडलेलं होतं, वर आभाळ दिसत होतं, एका कोपऱ्यात शेळी बसली होती. ते ह्यांना दिसलंच नाही.

मी म्हटलं, "आत्याबाई कुठंयत?"

हे म्हणाले, "असतील की तिकडं."

तिकडं म्हणजे कुठं? म्युझियमात नाहीत. तोफेजवळ नाहीत. परका मुलूख, भाषा येत नाही, शेजारी समुद्र. मी गोदामाला वळसा घालून मागं गेले, आणि तिथं जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गोदामाला लागूनच ठेंगण्या भिंतीचं एक छोटं आवार होतं. फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. आत काळ्या दगडाच्या मोठमोठ्या शिळा जमिनीवर आडव्या मांडलेल्या. फाटकाबाहेर चपलांची रांग. आणि आत आमची सगळी गाडी दर्शनाला उभी! सासूबाई सगळ्यांत पुढं, पदर डोक्यावर, पहिल्या शिळेवर विभूतीचे तीन पट्टे ओढून झालेले, त्यावर बेलाचं पान. बाकीचे मागून नमस्कार करत येत होते. शेजारणीनं नारळ कुठून आणला देव जाणे, पण तो फोडून ती खोबऱ्याचे तुकडे वाटत होती.

"ये, ये," मला म्हणाली. "लई जुनी समाधी हाय. प्रसाद घे."

"कोणाची?"

"आपल्यातल्याच कुण्या स्वामींची. हे बघ की!"

तिनं बोट दाखवलं. शिळेवर कोरलेली कवटी, आणि खाली हाडांची फुली.

आता सांगा, कवटी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढं कोण येणार? स्मशानात राहणारा, अंगाला राख फासणारा, गळ्यात मुंडमाळ घालणारा. आमचाच देव. आणि जमिनीत पुरणारे कोण? आम्हीच. दगड, कवटी, समाधी, सगळं जुळत होतं. फक्त एकच गोष्ट सासूबाईंना खटकली होती.

"स्वामी लई उंच होते गं," त्या म्हणाल्या. "बसलेल्या माणसाला एवढा लांब दगड?"

तेवढ्यात शिट्टी वाजली. राखणदार धावत आला, त्याच्या मागं हे. राखणदाराचे डोळे त्या विभूतीवर गेले, खोबऱ्यावर गेले, आणि तो बिचारा कपाळावर हात मारून ओरडला, "मंदिर नहीं! ये मंदिर नहीं! ये डच आदमी! मर गया, इधर सोया!"

शेजारीण हातातल्या खोबऱ्याकडं बघत म्हणाली, "अगं माय! गोऱ्या सायबाला नारळ फोडला का मी?"

मग जो हशा पिकला! राखणदारसुद्धा रागवता रागवता हसला. जो तो चपला शोधायला लागला. एकानं तोंडातलं खोबरं थुंकावं का गिळावं ते मला विचारलं. मी म्हटलं, गिळा, नारळ आपलाच होता.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत, ओशाळल्याही नाहीत. तिथंच शिळेच्या कडेला उकिडव्या बसल्या.

"झोपवून ठेवतेत व्हय ह्यांना?" मला विचारलं.

"हो आत्याबाई. त्यांच्यात झोपवतात."

"तरीच एवढा लांब." मग शेजारच्या शिळेवर हात ठेवला. "हे कोण?"

बाजूला इंग्रजीत एक पाटी लावली होती. माझं बी.ए. आमच्या आडतीत कधी उपयोगाला आलं नाही, तिथं आलं. मी वाचून सांगितलं, "हे नवरा-बायको आहेत. तो हितल्या गोदामाचा मोठा साहेब होता. आधी तो गेला. मग पुष्कळ वर्षांनी ती गेली. एकाच दगडाखाली आहेत."

"मधली वर्षं ती कुठं होती?"

"हितंच असंल."

"तिच्या देशाला न्हाई गेली?"

"न्हाई गेली."

"जहाजं तर होती की त्यांची."

"होती."

सासूबाईंनी त्या शिळेवरून हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा. आप्पा गेल्यावर धाकटी नणंद त्यांना पुण्याला न्यायला आली होती, चांगला मोठा फ्लॅट, लिफ्ट, सगळं. ह्या गेल्या नाहीत. दर सोमवारी एसटीनं नांदूरघाटला जायचं, समाधीवर बेल वाहायचा, आणि त्या मोकळ्या जागेवरचं गवत उपटून यायचं. आम्ही म्हणायचो, म्हातारीला फिरायची हौस आहे.

हे माझ्या मागं उभे होते. हातात अजून मोबाइल.

"तुझं गोदाम कुठंय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"हे काय, भिंतीच्या पल्याडच. लई भारी बांधलंय माय, तू बघच—"

"म्हंजी हे त्याच्याच आवारात हाय?"

"हो."

"त्यांना जागा कमी होती का रे?"

ह्यांनी मोबाइल खिशात घातला.

"वरचं छत गेलंय की गोदामाचं. माल गेला, जहाजं गेली, साहेबबी गेले. हे मात्र जिथल्या तिथं हायत. सात समुद्रापलीकडनं आलेली माणसं, पण आपल्या मेलेल्यांना कुणी चिंचेखाली नेलं न्हाई."

"माय, मी कुठं आप्पाला... दगडच तर हलवायचा होता."

"दगड हलवशील. मग तिथं काय करशील?"

"फरशी."

"आन् फरशीवर?"

ह्यांनी मान खाली घातली. फरशीवर काय, ते आडत्याच्या पोराला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"तुझ्या बापाचा जन्म पोत्यांत गेला," सासूबाई म्हणाल्या. "त्याला धान्याचा वास आवडायचा. जवळ गोदाम आलं तर खुशच होईल तो. बांध तू. माझी ना न्हाई. पण त्याच्या डोक्यावर पोती रचू नको, बाबा."

आमचे हे रडले. मोठ्यानं नाही, पण रडले. सगळ्या गाडीसमोर, राखणदारासमोर, त्या झोपलेल्या डचांसमोर. मलाही रडू आलं, आणि खरं सांगते, त्या रडण्यात थोडा राग पण होता. हेच मी केजच्या स्वयंपाकघरात ताटं आदळून सांगत होते, तर नकाशात बसत नव्हतं!

राखणदारानं बादली आणली आणि शिळेवरची विभूती धुवायला लागला. सरकारी जागा, त्याची नोकरी. सासूबाईंनीच त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि आपण लावलेलं आपणच पुसून दिलं. मग पिशवीतून बेलाचं एक पान काढून नवरा-बायकोच्या दगडावर ठेवलं.

"आता तर कळलं ना ते कोण हायत?" हे डोळे पुसत म्हणाले.

"कळलं की. म्हणूनच ठेवलं."

राखणदारानं त्या पानाकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं, आणि बादली घेऊन दुसरीकडं काहीतरी काम असल्यासारखा निघून गेला.

गाडी संध्याकाळी सुरू झाली. रामेश्वर झालं, समुद्रस्नान झालं, शेजारणीची एक चप्पल लाटेनं नेली, ते सगळं वेगळं सांगण्यासारखं आहे. एवढंच सांगते की रामेश्वरला महादेवापुढं उभ्या राहून सासूबाईंनी पिशवी उघडली तेव्हा बेल सगळा ताजा होता. परतीच्या वाटेत ह्यांनी त्यांना एकदाही काही विचारलं नाही.

गोदाम झालं. गुत्तेदार लई कुरकुरला. म्हणाला, "सेठ, असं मधीच तोडलेलं गोदाम उभ्या जिल्ह्यात न्हाई." खरंच आहे ते. सडकेकडून बघितलं तर इमारत सरळ येते, मग एकदम आत वळते, आप्पांना जागा देते, आणि पुन्हा पुढं जाते. वर झरोके आहेत, डचांसारखे. गुत्तेदाराला ते अजून कळलेले नाहीत, पण त्यानं ठेवले. समाधीला फरशी लावली. डाव्या हाताची जागा तशीच, मातीची, मोकळी.

ह्या वर्षी सोयाबीनचा पहिला ट्रक आला त्या दिवशी आम्ही सगळे तिथं होतो. आभाळ भरून आलं होतं, हमाल घाई करत होते. ड्रायव्हर नवा होता, उमापूरकडचा. त्यानं वळवायच्या नादात ट्रक मागं घेतला तो सरळ त्या मोकळ्या जागेवर. मागची चाकं मातीत रुतली.

हे दारातून असे पळाले की मला वाटलं पडतात आता.

"काढ बे गाडी! काढ आधी! तिथं माझी माय बसणार हाय!"

ड्रायव्हरनं समाधी बघितली, शेजारची माती बघितली. त्याच्या लक्षात आलं. त्यानं ट्रक पुढं घेतला, खाली उतरला, आणि चाकांनी पडलेले चर हातानं बुजवायला लागला. हेही गुडघ्यावर बसून माती सारखी करायला लागले. पांढरं धोतर सगळं मातीनं माखलं.

सासूबाई गोदामाच्या दाराशी सीताफळ खात उभ्या होत्या. बिया हातात गोळा करत दोघांकडं बघत राहिल्या.

"अरे, राहू दे ते," त्या म्हणाल्या. "मला एवढी घाई न्हाई. माल उतरवून घे आधी, पाऊस यायलाय."

पण हे उठले नाहीत. पाऊस यायलाय, सोयाबीन उघड्यावर, हमाल ओरडतायत, आणि आमचा आडत्या आईची जागा तळहातानं थोपटत बसला होता.